ट्रॉली उलटली, मग सातबारा कोणाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाबद्दल, कर्जाबद्दल, विजेबद्दल बोलणारे या बैठकीत पुष्कळ आहेत. त्यांनी बोलावेच. आमच्याकडे जो विषय आला आहे तो पारावर कोणी काढत नाही, कारण तो अशुभ वाटतो. ट्रॅक्टर उलटला, ट्रॉलीतली बाई चाकाखाली गेली, रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकलवाला मागून आदळला, तर पुढे काय होते? पोलिस काय करतात, विमा कंपनी काय म्हणते, कोर्ट पैसे कोणाकडून वसूल करते? आम्ही वकील नाही. पण अशा घरी जाऊन बसलो, कागद वाचले, निकाल समजून घेतले. त्यातून जे दिसले ते सांगतो.

ट्रॅक्टरचा विमा भरला म्हणजे आपण सुटलो, अशी गावोगाव समजूत आहे. ती खोटी आहे. ट्रॉलीत बसलेल्या माणसाचा विमा बहुतेक पॉलिसीत नसतोच. आणि विमा नसला की मेलेल्याच्या वारसांचे पैसे ट्रॅक्टरमालकाच्या जमिनीतून निघतात.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात मजूर बायांना घेऊन चाललेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात बाया मेल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या त्या, हळदीच्या कामावर निघालेल्या. सरकारने मदत जाहीर केली, पुढारी भेटून गेले, पेपरात फोटो आले. अशी जाहीर मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे, हे मात्र कोणी सांगत नाही. मदत ही मेहेरबानी, भरपाई हा हक्क. मदतीचा चेक मिळाला की बरीच घरे हक्क मागायचेच विसरतात.

ट्रॉलीत माणसे का बसतात, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावे लागते. तुम्हाला नाही. दिवाळीनंतर कापसाची वेचणी एकदम येते. ज्वारीची सोंगणी, मळणी त्याच्या मागोमाग. गावातल्या बाया पुरत नाहीत, शेजारच्या गावाहून आणाव्या लागतात. सकाळी सातला शेतावर पोचवणारी एसटी कोणत्या गावाला आहे? आठ-दहा कोस पायी चालून कोणी वेचणीला येणार नाही. मग ट्रॉली जोडायची, वीस बाया बसवायच्या, डबे, पाण्याची कॅन, एखादीचे तान्हे लेकरू. कायदा म्हणतो, ट्रॉली मालासाठी, माणसासाठी नाही. पण त्या माणसाने शेतावर जायचे कसे, हे त्या कायद्यात नाही. लग्नाचे वऱ्हाड, जत्रा, पुढाऱ्याची सभा, आणि आपलेही मेळावे, सगळे ट्रॉलीवरच चालते. पोलिस एरवी पाहतात आणि सोडून देतात. माणूस मेला की मात्र त्यांना कलम आठवते.

पॉलिसीत काय लिहिले आहे

मोटार वाहन कायदा १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू. रस्त्यावर गाडी आणायची तर तिऱ्हाइताचा विमा असलाच पाहिजे, असे तो सांगतो. यालाच आपण थर्ड पार्टी म्हणतो. रस्त्याने चाललेला माणूस, सायकलवाला, समोरच्या गाडीतला माणूस हे तिऱ्हाईत. त्यांना आपल्या ट्रॅक्टरने धडक दिली तर कंपनी भरते. आपल्याच ट्रॅक्टरवर, आपल्याच ट्रॉलीत बसलेला माणूस मात्र कंपनीच्या लेखी तिऱ्हाईत नाही. आरसी बुकात पाहा, बसण्याची जागा एक. ती चालकाची. मडगार्डवर बसलेला मेहुणा, मागे ड्रॉबारवर उभा असलेला सालगडी, ट्रॉलीतल्या बाया, यांच्यापैकी कोणासाठीही हप्ता घेतलेला नसतो.

दुसरी अट त्याहून अवघड. शेतीच्या ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीच्या कामासाठी असते. त्याच ट्रॅक्टरने वीटभट्टीची माती वाहिली, वाळू नेली, दुसऱ्याचा माल भाड्याने नेला, तर ते शेतीचे काम नाही, असे कंपनी म्हणते. २००७ साली असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. भट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून मजूर पडला आणि जबर जखमी झाला. न्यायालयाने सांगितले की कंपनी जबाबदार नाही. ट्रॅक्टर शेतीच्या कामावर नव्हता आणि ट्रॉलीचा वेगळा विमाही नव्हता. तरी तो मजूर गरीब म्हणून न्यायालयाने आपला खास अधिकार वापरला. कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम केला. २०१८ साली ट्रॅक्टरवर बसून चाललेल्या एका हमालाच्या खटल्यातही तसाच हुकूम झाला.

आधी द्या, मग वसूल करा. ऐकायला बरे वाटते, आणि जखमी माणसाच्या घराला खरोखर बरे आहे. पैसे वेळेवर हाती पडतात. मालकाचे मात्र काहीच सुटत नाही. फक्त दारात मजुराऐवजी कंपनी येते. असा हुकूम दर वेळी होईलच, असे धरूनही चालू नका. तो झाला नाही तर मजुराच्या बायकोला थेट मालकाच्याच मागे लागावे लागते आणि दोन्ही घरे एकाच गावात असतात.

किती पैसे?

पूर्वी पाच-पन्नास हजारांत मिटायचे, असे जुनी माणसे सांगतात. तो काळ गेला. २००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी भरपाईचा हिशेब ठरवून दिला आहे. तो पाटी-पेन्सिल घेऊन करता येतो. समजा वेचणीला चाललेली चौतीस वर्षांची बाई मेली. कोर्टाने तिची कमाई महिन्याला ८,००० रुपये धरली. वर्षाचे ९६,००० झाले. चाळिशीच्या आतली, म्हणून पुढे कमाई वाढली असती या हिशेबाने चाळीस टक्के वाढवायचे. १,३४,४०० झाले. घरात चौघे तिच्यावर अवलंबून, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १,००,८००. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा. सोळाने गुणा. १६,१२,८०० रुपये. शिवाय अंत्यविधीचे, घरच्यांच्या दुःखाचे, आणि अर्ज केल्यापासूनचे व्याज.

एक बाई. तिघी असल्या तर अठ्ठेचाळीस लाखांच्या वर. पाच एकर कोरडवाहू विकून काय येते ते मनातल्या मनात मांडून पाहा.

ही रक्कम जास्त आहे असे आम्ही म्हणत नाही. मेलेल्या बाईची किंमत कमी करा, ही आपली मागणी कधीच असू शकत नाही. ती बाई सकाळी स्वयंपाक करून निघते, दिवसभर कापूस वेचते, संध्याकाळी जनावरांचे पाहते. घरकामाचीही कमाई धरली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा ठासून सांगितले. ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच की ही रक्कम ज्याच्याकडून घ्यायची त्याच्याकडे ती कधी असते का?

वसुली कशी होते? कायद्याचे कलम १७४ पाहा. न्यायाधिकरणाने दाखला दिला की ती रक्कम जिल्हाधिकारी जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करतो. जमीन महसुलाची थकबाकी या शब्दांचा अर्थ या बैठकीत कोणाला समजावून सांगायची गरज नाही. तलाठी येतो, बोजा चढतो, लिलावाची नोटीस चावडीवर लागते. ट्रॅक्टर बँकेकडे तारण असला तरी कायद्याने मालक तुम्हीच, कारण कर्जावरच्या गाडीचा मालक म्हणजे गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो. हप्ता बँकेचा, जबाबदारी आपली.

तसेच विकलेल्या ट्रॅक्टरचे. बाजारात सौदा होतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या होतात, ट्रॅक्टर चौथ्या हाती जातो आणि आरटीओच्या वहीत नाव आपलेच राहते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की वहीत ज्याचे नाव, तो मालक. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या ट्रॅक्टरने परजिल्ह्यात माणूस मारला आणि नोटीस आपल्या घरी, असे होते. विकल्यावर त्याच राज्यात असेल तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. विकत घेणारा फॉर्म भरेल म्हणून वाट पाहू नये. आपणच भरावा आणि पोच घ्यावी.

चालवणारा कोण?

लायसनबद्दल गैरसमज फार आहेत. हलक्या मोटार वाहनाचे, म्हणजे ज्याला आपण कारचे लायसन म्हणतो, ते ट्रॅक्टरलाही चालते. कायद्याच्या व्याख्येतच ७,५०० किलोच्या आतला ट्रॅक्टर हलक्या वाहनात धरला आहे. ट्रॉली जोडली म्हणून लायसन निकामी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी हलक्या वाहनाच्या लायसनचा प्रश्न मालवाहू गाड्यांच्या बाबतीतही कायमचा मिटवला. तेव्हा "तुमच्या चालकाकडे ट्रॉलीचे लायसन नव्हते" असे कंपनीच्या माणसाने म्हटले तर घाबरून सही करू नका.

चालक नोकरीला ठेवताना त्याचे लायसन डोळ्यांनी पाहा, झेरॉक्स घरी ठेवा, ट्रॅक्टर चालवून घ्या. एवढे केलेले असले आणि पुढे ते लायसन खोटे निघाले, तरी मालकाने मुद्दाम अट मोडली हे कंपनीला सिद्ध करावे लागते. २००४ साली तीन न्यायमूर्तींनी हे सांगितले आहे. लायसन नव्हतेच आणि मालकाला माहीत होते, तर मात्र बचाव उरत नाही.

आणि आता पोरे. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो याचे आपल्याकडे कौतुक होते. पाहुणे आले की बाप मुद्दाम दाखवतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आणले. अल्पवयीन मुलाने अपघात केला तर बाप किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पूर्ण काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचे ओझे बापावर. पाहुण्यांसमोर कौतुक केलेल्या बापाने ते कसे सिद्ध करायचे?

बसणाऱ्यालाही थोडे सांगितले पाहिजे. ट्रॉलीत बसला म्हणून मजुरावर गुन्हा होत नाही. पण चालकाला पाजणारा, "हाण अजून जोरात" म्हणणारा दोस्त कायद्याने चिथावणी देणारा ठरू शकतो. दारू पिऊन किंवा बेदरकार चालवण्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. ड्रॉबारवर उभा राहून पडलेल्या माणसाच्या भरपाईत कपात करा, असे कंपनीचा वकील मागतोच, आणि कोर्ट काही वेळा मान्यही करते.

पोलिस केस

माणूस मेला की दोन वेगळी प्रकरणे सुरू होतात. एक फौजदारी, चालकावर. दुसरे भरपाईचे, चालक, मालक आणि कंपनीवर. गावात या दोन्हींची सरमिसळ होते.

जुन्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम ३०४अ होते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आता कलम १०६(१), शिक्षा पाच वर्षांपर्यंत. गुन्हा जामीनपात्र आहे, हे लक्षात ठेवा. जामीन मिळवून देतो म्हणून पैसे मागणारे ठाण्याच्या बाहेर उभे असतात. त्याच कलमाचा दुसरा भाग होता, अपघात करून न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी त्याविरुद्ध चाके थांबवली. संहिता लागू झाली ती तो भाग बाजूला ठेवून. संघटित माणसे कायद्याचे काय करू शकतात ते यात दिसते. शेतकऱ्यावरच्या कायद्यांबाबत असे का होत नाही, हा आजचा विषय नाही.

दारू असेल तर चित्र पालटते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा जीव गेला. चालक प्यालेला होता. तिथे निष्काळजीपणावर न थांबता सदोष मनुष्यवधाचे कलम लागले, आणि तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. ती मोटार मोठ्या घरची होती. पण मार्केटात कापूस विकून, चार पैसे खिशात आले म्हणून धाब्यावर थांबून, रात्री परतणाऱ्या ट्रॅक्टरलाही कायदा तोच.

गावात बसून पन्नास हजारांत "मिटवले" तरी १०६ चा खटला मिटत नाही. तो तडजोडीने मिटणारा गुन्हाच नाही. उलट त्या पन्नास हजारांच्या बदल्यात फिर्याद फिरवली जाते, पंचनाम्यात काहीबाही लिहिले जाते, आणि पुढे विधवेचा भरपाईचा दावा त्याच कागदावर आपटतो. मिटवणाऱ्या पुढाऱ्याचे काही जात नाही.

पहिले चोवीस तास

कलम १३४ सांगते: चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करायची, पोलिसांना लवकरात लवकर आणि चोवीस तासांच्या आत कळवायचे, विमा कंपनीला लेखी कळवायचे. न केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. जमाव मारायला उठला असेल तर जखमीजवळ थांबले पाहिजे असे कायदा म्हणत नाही, तशी सूट त्याच कलमात आहे. तेव्हा चालकाने जीव वाचवावा, पण रानात लपण्याऐवजी सरळ ठाण्यात जावे आणि वाटेत १०८ ला फोन करावा. पळालेल्या चालकाचे तोंड कोर्टात कोणी ऐकत नाही.

दवाखान्याने "आधी पोलिस केस" म्हणून परत पाठवणे बेकायदा आहे, सरकारी असो की खाजगी. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच सांगितले. ५ मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. रस्त्यावरच्या मोटार अपघातात जखमी झालेल्याला ठरलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता. आपल्या तालुक्यात असे दवाखाने कोणते, याची यादी प्रत्येक शाखेने आजच मागून घ्यावी. अपघात झाल्यावर यादी शोधायला वेळ नसतो. रस्त्यावरच्या जखमीला उचलून नेणाऱ्या परक्या माणसाला साक्षीदार व्हा म्हणून जबरदस्ती करता येत नाही, हेही २०१९ पासून कायद्यात आहे. उचलायला घाबरू नका.

पंचनाम्याच्या वेळी आपला एक जाणता माणूस हजर पाहिजे. याचे कारण सांगतो. कापसाने फुगलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी, मागून ट्रक धडकला, ट्रॉलीवरचे दोघे मेले. इथे ट्रॉलीतले लोक ट्रकच्या दृष्टीने तिऱ्हाईत आहेत, म्हणजे ट्रकच्या विमा कंपनीने भरायचे. चूक दोघांची असली तरी वारस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे. पण त्यासाठी ट्रकचा नंबर कागदावर यायला हवा. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, एवढेच लिहून पंचनामा उरकला तर सगळे ओझे आपल्यावर येते. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. रिफ्लेक्टरची लाल पट्टी कितीला मिळते ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी ट्रॉल्या बिनपट्टीच्या फिरतात.

दावा करणाऱ्यासाठी

आता दुसऱ्या बाजूने पाहू, कारण आज ट्रॅक्टरमालक आहे तो उद्या काळीपिवळीत मेलेल्याचा बाप असू शकतो. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा. अपघात कुठेही होवो, आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. पुण्याला कामाला गेलेला पोरगा तिकडे मेला तरी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. १९९४ च्या दुरुस्तीने अर्जाची मुदत काढून टाकली होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पुन्हा आली: अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्याच्या भरवशावर राहू नका, सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. आपल्याकडे तेरावा, वर्षश्राद्ध, मग पेरणी असे करता करता वर्ष जाते.

एक फसण्याची जागा आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात, कलम १६४. कंपनीचा माणूस लवकर येतो, हे पाच लाख घ्या म्हणतो. ते घेतले की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. वर सोळा लाखांचा हिशेब मांडला तो डोळ्यांपुढे ठेवा. चूक सिद्ध करणे अवघड असेल तिथे पाच लाखच बरे. साक्षीदार असतील, पंचनामा नीट असेल, तर थांबणे बरे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, मग ठरवा. मजूर कामावर असताना मेला असेल तर कामगार भरपाईच्या कायद्याचाही रस्ता आहे, पण दोन्हीकडे एकदम मागता येत नाही.

मेलेला माणूस शेतकरी असला की आणखी एक तिढा. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शेतकरी गेला तरी जमीन वारसांकडे राहतेच, म्हणून शेतीची सगळी कमाई बुडाली असे धरता येत नाही. फार तर देखरेखीला माणूस ठेवावा लागेल तेवढे नुकसान. कंपन्यांचे वकील हे वाक्य दर खटल्यात काढतात. कारकून मेला तर त्याचा पूर्ण पगार बुडाला, शेतकरी मेला तर जमीन आहे की! कोरडवाहू जमीन आपोआप पिकते असे ज्याला वाटते त्याने एक खरीप विधवेबरोबर काढून पाहावा. या युक्तिवादाला उत्तर कागदानेच द्यावे लागते. विकलेल्या कापसाच्या पट्ट्या, तुरीच्या पावत्या, सोसायटीचे खाते, दूध डेअरीची वही, पोलापाशी मोटर चालू करायला रात्री कोण जात होता याची शेजाऱ्याची साक्ष. पट्ट्या फेकू नका. हिशेब न ठेवण्याची आपली जुनी सवय मेल्यावरही महाग पडते.

स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली मालक मेला तर? तिऱ्हाइताच्या विम्यातून त्याच्या घराला काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत हवा, पंधरा लाखांचा, आणि चालवताना लायसन हवे. याशिवाय राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, मृत्यूला दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे.

आता पॉलिसीकडे परत. हप्ता भरताना एजंटाला तीन प्रश्न विचारा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा आहे का? कामावर नेल्या जाणाऱ्या मजुरांचे दायित्व जादा हप्ता घेऊन पॉलिसीत घातले आहे का, आणि किती माणसांचे? मालक-चालकाचा अपघात विमा आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. जादा हप्ता भरून वीस बाया ट्रॉलीत बसवणे कायदेशीर होते असेही समजू नका. कंपनी तरीही भांडेल. पण भांडायला कागद हाती असेल.

आणि सरकारकडे मागायचे ते एवढे. शेतमजुरांच्या वाहतुकीला परवाना द्या, ट्रॉलीला कठडा, पायरी, दिवे आणि बसणाऱ्यांची मर्यादा ठरवा, माणशी हप्ता ठरवा आणि विमा कंपन्यांवर तो घेणे बंधनकारक करा. वेचणीच्या दोन महिन्यांत सकाळची एसटी देता येत नसेल तर निदान हे द्या. माणसे ट्रॉलीत बसतात हे सगळ्यांना दिसते. न दिसल्यासारखे करण्याचा फायदा फक्त कंपन्यांना होतो.

पुढच्या बैठकीला येताना ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने पॉलिसीची आणि आरसी बुकाची झेरॉक्स आणावी. ज्याच्या घरी अपघात झाला आहे आणि सहा महिने व्हायचे आहेत, त्याने बैठकीची वाट न पाहता फिर्यादीची नक्कल घेऊन आधीच यावे. तालुकाप्रमुखांनी दवाखान्यांची यादी आणावी. कागद वाचायला दोन वकील मित्र बसणार आहेत, फी घेणार नाहीत.